नऊ देश आणि एक बंद डबा

माझी आई ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होती. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर अजून बारीक पांढऱ्या रेषा आहेत. त्या काचेच्या आहेत. इंजेक्शनच्या अँप्युलची मान मोडताना काच लागते. एक-दोन अँप्युल असतील तर सावकाश मोडता येतात. समोर दिवस भरलेली बाई आकडी येऊन पलंगावर आपटत असेल, तिला दोघींनी धरून ठेवलं असेल आणि तुम्हाला एकामागून एक दहा अँप्युल मोडायच्या असतील, तर कापूस गुंडाळायला वेळ नसतो.

"दहा कशाला?" मी लहानपणी विचारायचे.

"पाच उजव्या कुल्ल्यात, पाच डाव्या," ती सांगायची. "एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम. मॅगसल्फ. मग गाडी बोलवायची आणि जिल्ह्याला पाठवायचं."

जिल्ह्याच्या रुग्णालयात पुढचे डोस सुरू व्हायचे, दर चार तासांनी. प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी बघायच्या. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का? मिनिटाला श्वास सोळा तरी आहेत का? लघवी पुरेशी होतेय का? तिन्हीचं उत्तर 'हो' असेल तरच सुई टोचायची. आईला हे पाढ्यासारखं पाठ होतं. तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की मलाही झालं. तो पाढा कुणी लिहिला, हा प्रश्न मात्र आम्हा दोघींनाही कधी पडला नाही.

तो मला पडला तिशीत, अगदी वेगळ्या वाटेने. मराठीत एम. ए. केल्यावर मी पुण्यात भाषांतराची कामं घ्यायला लागले. त्यात एक काम वैद्यकीय संशोधनाच्या संमतिपत्रांचं होतं. एकच औषध एकाच वेळी पाच-सात देशांत तपासलं जातं, त्याचे कागद प्रत्येक भाषेत करावे लागतात, त्यातलं मराठी माझ्या वाट्याला. ते कागद समजून घेण्यासाठी जुन्या चाचण्यांबद्दल वाचत गेले, आणि एक दिवस आईच्या पाढ्यापाशी येऊन पोचले. त्याच्यामागे नऊ देश होते, हजारो बायका होत्या आणि एक बंद डबा होता. ही त्या डब्याची गोष्ट.

वीज पडावी तसा आजार

एक्लॅम्प्सिया हा शब्द ग्रीक आहे. अचानक लखलखणं, वीज चमकावी तसं काही, असा त्याचा अर्थ. गरोदरपणाच्या उत्तरार्धात काही बायकांचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जायला लागतात. ही पहिली पायरी, प्री-एक्लॅम्प्सिया. बहुतेकींचं प्रकरण तिथेच थांबतं. काहींना मात्र आकडी येते. एक झटका, मग दुसरा, मग शुद्ध हरपते. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, पोटातलं बाळ दगावू शकतं. १९९० च्या आसपासचा अंदाज असा होता की जगात दरवर्षी सुमारे पन्नास हजार बायका या आजाराने मरतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्या गरीब देशांतल्या.

यावर उपाय काय, याचं उत्तर तुम्ही कुठल्या देशात आहात यावर अवलंबून होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात स्त्रोगानोव्ह नावाच्या डॉक्टरांनी अशा बाईला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवून गुंगीची औषधं द्यायची पद्धत रूढ केली. उजेड आणि आवाजाने झटका येतो, ही कल्पना. आपल्याकडच्या अनेक जुन्या रुग्णालयांत प्रसूती विभागाला लागून जी काळ्या पडद्यांची 'एक्लॅम्प्सिया रूम' असायची, तिचं मूळ तिथे आहे. भारतात मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांची पद्धत १९६० नंतर प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन गुंगीच्या औषधांचं मिश्रण होतं. ब्रिटनमध्ये डॉक्टर डायझेपाम द्यायचे. तिथे १९८० च्या दशकात फेनिटॉइनही आलं, अपस्माराच्या रुग्णांना देतात ते.

अमेरिकेत मात्र १९२० च्या दशकापासून मॅग्नेशियम सल्फेट चालत होतं. म्हणजे आपलं एप्सम सॉल्ट, जुलाबासाठी घ्यायचं किंवा सुजलेले पाय गरम पाण्यात बुडवताना टाकायचं मीठ. टेक्सासमधल्या डॅलस इथल्या पार्कलँड रुग्णालयात डॉ. प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं वापरलं. १९८४ मध्ये त्यांनी ओळीने २४५ रुग्णांची नोंद छापली. त्यातली एकच बाई दगावली होती. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, गुडघ्याची हातोडी, श्वास आणि लघवी, हे सगळं त्यांच्याकडचं. आईच्या पाढ्याचं गाव सापडलं.

पण गाव सापडलं म्हणून पुरावा मिळत नाही. पार्कलँड मोठं आणि अनुभवी रुग्णालय होतं. बायका औषधाने वाचल्या की तिथल्या देखरेखीने? मेंदूविकारांचे काही तज्ज्ञ तर म्हणत होते की हे मीठ झटक्यांवरचं औषधच नाही. त्याने स्नायू ढिले पडतात, झटका वरून दिसेनासा होतो, मेंदूत मात्र चालूच राहतो. उलट मात्रा जास्त झाली तर श्वास थांबू शकतो. अटलांटिकच्या या किनाऱ्यावरचे डॉक्टर त्या किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना जवळजवळ अडाणी समजत होते, आणि असं साठ-सत्तर वर्षं चाललं होतं.

तीनशे ब्याऐंशी

मग ब्रिटनने स्वतःच चाचणी करून का नाही पाहिलं? कारण एका आकड्यात आहे. १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या सगळ्या रुग्णालयांतून एक्लॅम्प्सियाची प्रत्येक केस मोजली गेली. वर्षभरात, अख्ख्या देशात, ३८२. दहा हजार बाळंतपणांत पाचदेखील नाहीत.

दोन औषधांपैकी सरस कोणतं हे ठरवायचं तर शेकडो, कधी हजारो रुग्ण लागतात. फरक थोडा असेल तर आणखी जास्त. देशातल्या प्रत्येक रुग्णालयात चाचणी लावली, प्रत्येक केस पकडली, प्रत्येक बाईने होकार दिला, तरीही काही वर्षं गेली असती. आणि एका रुग्णालयात वर्षाला एखाददुसरी केस येत असेल, तर त्या रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला चाचणी चालू आहे हे तरी कुठून आठवणार?

म्हणजे ज्यांच्याकडे संशोधनाचा पैसा, संख्याशास्त्रज्ञ आणि संगणक होते त्यांच्याकडे रुग्ण नव्हते. ज्या वॉर्डात रोज रुग्ण येत होते तिथे जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या. अनेक देशांत मिळून संशोधन करायची गरज पडते ती बहुतेकदा अशी. त्यात उदात्त काही नसतं. हिशेब जुळत नाही म्हणून माणसं सीमा ओलांडतात.

ऑक्सफर्डमध्ये प्रसूती आणि नवजात बाळांवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथल्या डॉ. लीलिया ड्यूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतलं. अर्जेंटिना, ब्राझील, कोलंबिया, व्हेनेझुएला, घाना, युगांडा, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका आणि भारत इथली रुग्णालयं त्यात सामील झाली.

फोन लागत नाही

चाचणीचा गाभा म्हणजे कुठल्या बाईला कुठलं औषध हे नशिबावर सोडणं. डॉक्टरच्या हातात ते ठेवलं तर माणूस म्हणून तो निवड करणारच. जास्त गंभीर बाई आली की त्याला ज्याच्यावर भरवसा आहे ते औषध देणार. मग शेवटी दोन गटांची तुलना केली तर औषधांची होत नाही, गंभीर आणि कमी गंभीर बायकांची होते. म्हणून पुढचं औषध कोणतं हे डॉक्टरला आधी कळताच कामा नये.

श्रीमंत देशांनी यासाठी छान सोय केली होती. हृदयविकाराच्या झटक्यावर ॲस्पिरिनचा उपयोग सिद्ध करणारी मोठी चाचणी १९८८ मध्ये छापून आली. तिचं नाव इसिस-२. सोळा देश, ४१७ रुग्णालयं, १७,१८७ रुग्ण. तीही ऑक्सफर्डचीच. तिथे डॉक्टर चोवीस तास चालू असलेल्या एका नंबरवर फोन करायचा, रुग्णाची थोडी माहिती द्यायचा आणि पलीकडून उत्तर यायचं.

आता ती सोय १९९१-९२ च्या एखाद्या सरकारी प्रसूतिगृहात आणून बघा. तुमच्यापैकी अनेकांनी एसटीडी बूथ पाहिलासुद्धा नसेल. वॉर्डात फोन असलाच तर तो साहेबांच्या केबिनमध्ये, केबिनला कुलूप, किल्ली घरी. परदेशात फोन लावायचा तर बाहेर कुठेतरी जायचं, तोही लागेलच असं नाही. इकडे बाईला तिसरा झटका आलेला.

आणि समजा फोन लागला, उत्तर मिळालं. औषध कुठे आहे? आपल्याला हा प्रसंग नवा नाही. नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी दिली जाते, "हे बाहेरून आणा." रात्री दोन वाजता तो माणूस दुकानं ठोठावत फिरतो. सलाईन मिळतं, सुई मिळत नाही. चाचणीत ज्या बाईला मॅग्नेशियम द्यायचं ठरलं तिला ते दोन तासांनी मिळालं आणि डायझेपामवालीला लगेच, तर ती चाचणी औषधांची राहिली नाही, दुकानांची झाली.

यावर काढलेला तोडगा म्हणजे डबा.

प्रत्येक रुग्णालयात क्रमांक घातलेले सीलबंद डबे आधीच पोचवून ठेवले. उपचाराला लागणारं औषध आणि साहित्य त्यातच. झटका आलेली बाई आली की रांगेतला पुढचा डबा उचलायचा आणि उघडायचा. आत जे असेल ते तिचं. कुठल्या क्रमांकाच्या डब्यात काय, हे आधी ठरलेलं, पण वॉर्डातल्या कुणालाच माहीत नसलेलं. सगळे डबे आकाराने, वजनाने आणि हाताला सारखेच लागतील अशी काळजी घेतली होती, म्हणजे हातात घेऊन अंदाज करायलाही वाव नको. डबा उघडल्यावर अर्थात कळायचं, कारण दोन्ही उपचारांची पद्धतच वेगळी. पण तोवर निवडीची वेळ गेलेली असायची.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईला फोन केला. ती म्हणाली, "डब्यात सुई पण होती? मग चांगलं होतं." संशोधनपद्धतीवर मी अनेक व्याख्यानं ऐकली आहेत. त्यातल्या कुणीही मुद्दा इतक्या थोडक्यात पकडलेला नाही.

प्रत्येकाची आपली सवय

दुसरी अडचण सवयीची. एखाद्या डॉक्टरला वीस वर्षं डायझेपाम देऊन बरे वाईट अनुभव आले असतील, तर 'तुझं औषध सोड आणि माझं घे' असं ऑक्सफर्डहून कुणी सांगितल्यावर तो ऐकेल का? का ऐकावं? आपल्याला खरोखर माहीत नाही असं ज्या डॉक्टरला वाटतं, त्यानेच चाचणीत यावं. माहीत आहे अशी खात्री असताना रुग्णाला नशिबावर सोडणं हा अपराध झाला.

म्हणून एकच तुलना सगळ्यांवर लादली नाही. चाचणीच्या दोन शाखा केल्या. काही केंद्रांत मॅग्नेशियम विरुद्ध डायझेपाम, काहींत मॅग्नेशियम विरुद्ध फेनिटॉइन. मॅग्नेशियम देण्याच्याही दोन पद्धती होत्या, पहिला डोस शिरेतून देऊन पुढचे स्नायूत किंवा सगळेच शिरेतून. जिथे सलाईनचा वेग नेमका राखणारं यंत्र नाही तिथे स्नायूतली सुई बरी. जिथे आहे तिथे शिरेतून बरं, कारण ती सुई फार दुखते. प्रत्येक केंद्राने आपल्याला झेपेल ते घ्यायचं.

तिसरी अडचण मोजण्याची. रक्तातलं मॅग्नेशियम किती वाढलंय हे प्रयोगशाळेत मोजता येतं. पण बहुतेक वॉर्डांत रात्री प्रयोगशाळा बंद. अट घातली असती तर अर्धी रुग्णालयं बाद झाली असती, आणि राहिली असती ती शहरातली चकाचक. मग निघालेलं उत्तर फक्त चकाचक रुग्णालयांपुरतं खरं ठरलं असतं. म्हणून गुडघा, श्वास आणि लघवी. हातोडी, घड्याळ आणि मोजपात्र. हे तिन्ही युगांडातही आहे आणि आईच्या ट्रॉलीवरही होतं.

कागदही मोजकाच ठेवला. संशोधकाला सगळं जाणून घ्यायचं असतं, पण फॉर्म दहा पानांचा केला की रात्रपाळीची नर्स सकाळी तो आठवून भरते, आणि आठवून भरलेला आकडा कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट. बाईला पुन्हा झटका आला का? ती वाचली का? बाळ वाचलं का? मुख्य प्रश्न एवढेच.

लहरीप्रमाणे

चौथी अडचण माझ्या धंद्यातली आहे, त्यामुळे ती मला सगळ्यात जवळची वाटते.

मी केलेल्या पहिल्याच संमतिपत्रात एक वाक्य होतं, उपचार 'यादृच्छिक' पद्धतीने ठरवला जाईल असं. कोशात हाच शब्द आहे, पाठ्यपुस्तकात हाच आहे, मी निर्धास्तपणे वापरला. अशा कामात उलट भाषांतराची पद्धत असते. माझं मराठी दुसऱ्या एका भाषांतरकाराकडे जातं, त्याला मूळ कागद दाखवत नाहीत, आणि तो ते पुन्हा इंग्रजीत नेतो. माझं वाक्य परत आलं ते असं: उपचार डॉक्टरांच्या लहरीप्रमाणे ठरवला जाईल.

त्याची काही चूक नव्हती. यदृच्छा म्हणजे मर्जी, आपोआप घडेल ते. शब्दाच्या पोटात तो अर्थ आहेच. पण सगळी चाचणी ज्या एका गोष्टीवर उभी असते, डॉक्टरच्या मर्जीला वाव न देणं, तिच्या नेमकं उलट मी रुग्णाला सांगत होते.

मग मी 'नाणेफेक केल्याप्रमाणे' असं लिहिलं. तो मसुदा वाचून दाखवायला गेले तेव्हा एक सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या सुनेच्या जिवाचा टॉस उडवणार का?" हेही खरंच होतं. शेवटी आम्ही लिहिलं की दोन्हींपैकी चांगलं कोणतं हे डॉक्टरांनाही अजून माहीत नाही, म्हणून चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं जाईल, त्यात कुणाचीही निवड नसेल. वाक्य लांबलं, पण त्या बाईंनी मान हलवली. 'डॉक्टरांनाही माहीत नाही' हे कागदावर लिहिलेलं बघून त्यांना जरा आश्चर्य वाटलं, एवढंच.

एक्लॅम्प्सियात तर ज्या बाईची संमती घ्यायची ती बेशुद्ध असते. तिच्या वतीने कोण बोलणार? नवरा, आई, सासू, की डॉक्टर? याचे नियम आणि रिवाज देशागणिक वेगळे, त्या त्या ठिकाणच्या नीतिसमित्या वेगळ्या. नऊ देशांच्या चाचणीत औषध एक असतं, पण परवानग्या नऊ प्रकारच्या लागतात आणि 'आम्हाला माहीत नाही' हे वाक्य त्याहून जास्त भाषांत लिहावं लागतं.

जून १९९५

निकाल 'लॅन्सेट' या नियतकालिकात जून १९९५ मध्ये छापून आला. एकूण १,६८७ बायका. मॅग्नेशियम दिलेल्यांपैकी १३.२ टक्के बायकांना पुन्हा झटका आला, डायझेपाम दिलेल्यांत २७.९ टक्के. दुसऱ्या शाखेत मॅग्नेशियमचे ५.७ टक्के, फेनिटॉइनचे १७.१. एका तुलनेत निम्म्याहून कमी, दुसरीत एकतृतीयांश. मृत्यूही मॅग्नेशियमच्या गटात कमी होते, पण या एका चाचणीपुरता तो फरक योगायोगाचा नाही असं म्हणता येईल एवढा मोठा नव्हता. पुढे इतर चाचण्यांचे आकडे एकत्र केल्यावर डायझेपामच्या तुलनेत तोही स्पष्ट झाला.

सत्तर वर्षांचं भांडण मिटलं. मीठ जिंकलं.

लगेच पुढचा प्रश्न आला. झटका येऊन गेल्यावर हे औषध चालतं, मग झटका येण्याआधीच दिलं तर? प्री-एक्लॅम्प्सियाच्या बायका संख्येने कितीतरी जास्त, पण त्यातल्या फार थोड्यांना झटका येतो. म्हणजे आणखी मोठी चाचणी हवी. तिचं नाव मॅगपाय. १९९८ ते २००१, ३३ देश, १७५ रुग्णालयं, १०,१४१ बायका. यावेळी निम्म्या बायकांना औषधासारखंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रावण दिलं गेलं. मात्र एका बाबतीत लपवाछपवी जमेना. खऱ्या मॅग्नेशियमने अंगात गरम लाट येते, चेहरा लाल होतो. औषध मिळालेल्यांतल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या बायकांना काही ना काही त्रास झाला, दुसऱ्या गटात पाच टक्क्यांना.

ठरवलेली संख्या पूर्ण होण्याआधीच चाचणी थांबवली, कारण उत्तर मिळालं होतं. औषध मिळालेल्या गटात ४० बायकांना झटका आला, दुसऱ्या गटात ९६ जणींना. दोन्ही गट प्रत्येकी पाच हजारांहून थोडे मोठे. म्हणजे झटक्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली.

इथे मी बराच वेळ अडते. ९६. त्यांना मीठ न घातलेलं पाणी दिलं होतं. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, चाचणी प्रामाणिक होती, थांबवायची तेव्हा थांबवली, हे सगळं मला कळतं. मी स्वतः अशा कागदांवर 'आम्हाला माहीत नाही' लिहिलेलं आहे. तरीही त्या ९६ जणींचा हिशेब कुणीतरी धरायला हवा असं वाटतं. त्यांचं देणं फिटलं की नाही हे एकाच गोष्टीवरून ठरेल. मिळालेलं उत्तर त्यांच्या वॉर्डात परत पोचलं का?

उत्तर कुणाकडे आधी पोचलं

ब्रिटनमध्ये ते लगेच पोचलं. डायझेपाम आणि फेनिटॉइन वापरणाऱ्या देशाने काही वर्षांत सवय बदलली. २००५-०६ मध्ये पुन्हा देशभर मोजणी झाली तेव्हा वर्षभरात २१४ केसेस सापडल्या. तेरा वर्षांपूर्वी ३८२ होत्या.

त्याच २००५ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात झिंबाब्वे आणि मोझांबिकबद्दल एक लेख आला. मॅग्नेशियम सल्फेट तिथल्या रुग्णालयांत सहज मिळत नाही, असं त्यात लिहिलं होतं. झिंबाब्वे म्हणजे डबे उघडणाऱ्या नऊ देशांपैकी एक.

कारण ऐकून हसावं की रडावं कळत नाही. औषध फार स्वस्त होतं. त्यावर कुणाचं पेटंट नाही, त्यात नफा नाही, म्हणून ते देशात नोंदवून विकण्यात कुठल्या कंपनीला रस नाही. महाग औषधं गरिबांपर्यंत पोचत नाहीत हे आपल्याला माहीत असतं. इथे एक औषध स्वस्त असल्यामुळे पोचलं नव्हतं.

मला वाटतं, अनेक देशांतल्या संशोधनाची सगळ्यात अवघड अडचण हीच आहे, आणि ती चाचणीच्या आराखड्यात लिहिलेली नसते. फोन, भाषा, परवानग्या, सवयी यांच्यावर डब्याने मात केली, कारण डबा बनवणाऱ्यांनी गरीब वॉर्ड डोळ्यांसमोर ठेवला होता. पण डबे चाचणीचे होते. चाचणी संपली, डबेही संपले. त्यांच्या जागी रोजचं औषध ठेवायचं काम संशोधकांच्या हातात नव्हतं. ते आरोग्य खात्यांच्या, खरेदी समित्यांच्या, गोदामांच्या हातात होतं, आणि तिथे काही ठिकाणी एखादी चिठ्ठीसुद्धा हलली नाही.

आपल्याकडे ती हलली. उशिरा, पण हलली. मॅगसल्फ सरकारी यादीत आलं. उपकेंद्रातल्या एएनएम ताईंनी पहिला डोस, दोन्ही बाजूंना मिळून दहा ग्रॅम, देऊनच बाईला पुढे पाठवावं, असं राष्ट्रीय मार्गदर्शनात लिहिलं गेलं. रक्त तपासायची गरज नाही, यंत्राची गरज नाही, डॉक्टर येईपर्यंत थांबायची गरज नाही. दहा अँप्युल.

गेल्या दिवाळीत हे सगळं मी आईला नीट सांगितलं. डबे, ऑक्सफर्ड, झिंबाब्वे, ९६ बायका. ती फराळाचे डबे पुसत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडे ट्रेमध्ये मोजून ठेवलेल्या असायच्या. ड्युटी बदलताना पहिल्यांदा मॅगसल्फ मोजायचं. दहाच्या खाली असेल तर सही करायची नाही, असं मी नव्या पोरींना सांगायचे."

"का?"

"एकदा आठच निघाल्या होत्या."

पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिने पुसलेला डबा उलटा करून ठेवला आणि दुसरा घेतला.